चॅपलमधला मार्च

मार्च उजाडला की मला बोर्डाच्या परीक्षेची ड्यूटी लागते. मुकुंदवाडीच्या आमच्या शाळेतला वर्ग, खिडकीबाहेर कडुनिंब आणि तीन तासांची शांतता. मुलं मान खाली घालून लिहीत असतात, पंखा कुरकुरत असतो. मध्येच वारा सुटतो आणि मोहोरलेल्या कडुनिंबाचा गोडसर, किंचित कडू वास वर्गात शिरतो. मग माझं काही खरं नसतं. हातातल्या पुरवण्या हातातच राहतात आणि मी एका लांब लाकडी बाकावर जाऊन बसते. मांडीवर वनस्पतिशास्त्राची वही, समोर वेदीवर जांभळं कापड, बाजूला लाल काचेत जळणारा एक लहानसा दिवा.

"मॅडम, पुरवणी," कुणीतरी तिसऱ्यांदा म्हणतं, तेव्हा मी परत येते.

ते आमच्या कॉलेजचं चॅपल. खाम नदीच्या पलीकडे, जुन्या चिंचांच्या आवारात, कॅथलिक सिस्टरांनी चालवलेलं मुलींचं कॉलेज होतं. मी तिथं शिकले त्याला तीस वर्षं होऊन गेली. शेवटच्या वर्षाच्या परीक्षेआधीचे ते सहा आठवडे मात्र अजून कुठं गेलेले नाहीत. उन्हं तापायला लागली की ते आपोआप वर येतात, जमिनीखालच्या ओलीसारखे.

आमचं घर तेव्हा दोन खोल्यांचं. बाबा रेल्वेत गँगमन, मुकुंदवाडीच्या स्टेशनपासून रुळांच्या कडेनं चालत कामाला जायचे. घरात आम्ही सात माणसं, शेजारी पिठाची गिरणी. भिंतीला पाठ लावून वाचायला बसलं की गिरणीची थरथर पाठीतून पुस्तकात उतरायची. कॉलेजची लायब्ररी पाचला बंद व्हायची. मग मी बंद लायब्ररीच्या पायरीवरच बसायचे, उजेड असेपर्यंत.

तिथंच मला सिस्टर बेनितांनी पकडलं. त्या आम्हाला वनस्पतिशास्त्र शिकवायच्या. मूळच्या मंगलोरकडच्या, मराठी पुस्तकातून शिकलेल्या. त्यामुळं प्रत्येक वाक्य इस्त्री करून आणल्यासारखं बोलायच्या.

"इथे डास आहेत. माझ्याबरोबर ये," त्या म्हणाल्या आणि चॅपलच्या दाराशी येऊन थांबल्या.

मला वाटलं, आधी सांगितलेलं बरं. "सिस्टर, आम्ही बौद्ध आहोत."

"मला ठाऊक आहे. दीड महिन्यावर तुझी परीक्षा आहे, हेही मला ठाऊक आहे. शेवटच्या बाकावर बस. सहा वाजता आम्ही प्रार्थनेला येऊ. तेव्हा तू उठायचं नाही आणि आम्ही थांबायचं नाही. जमेल?"

जमलं. सहा आठवडे जमलं.

बाहेर ऊन रणरणत असायचं आणि आत पाऊल टाकलं की फरशीचा गारवा तळव्यांतून वर चढायचा. पश्चिमेच्या खिडकीला पिवळ्या आणि निळ्या काचा होत्या. साडेपाचच्या सुमाराला त्यांतून आलेला उजेड बाकांवरून सरकत सरकत माझ्या वहीपर्यंत यायचा. मग पेशीची आकृती अर्धी पिवळी, अर्धी निळी व्हायची आणि मी ती गिरवायची थांबून नुसती बघत बसायचे. मेणाचा, जुन्या गीतपुस्तकांचा, नुकत्याच पुसलेल्या लाकडाचा वास. बाहेर चिंचेवर साळुंक्यांचं भांडण. आत दिव्याची ज्योत इतकी स्थिर, की तिच्याकडे बघता बघता आपलाच श्वास मोजला जायचा.

एक दिवस आत गेले तर सगळ्या मूर्ती जांभळ्या कापडांनी झाकलेल्या. मला वाटलं, सुट्टी लागणार म्हणून धूळ बसू नये यासाठी झाकल्या असतील. मी मार्थाला तसं विचारलं, तर ती तोंडावर हात ठेवून हसली.

मार्था माझ्याच वर्गातली. गंगापूर तालुक्यातल्या एका खेड्यातून आलेली, होस्टेलला राहायची. तिचे आजोबा तिकडे मिशनच्या शाळेत शिकून ख्रिस्ती झालेले. उपवासकाळ, म्हणजे ईस्टरच्या आधीचे चाळीस दिवस, ती चहात साखर घ्यायची नाही. तो चहा ती असं तोंड करून प्यायची, की देवालाच तिची दया यावी.

"ह्या दिवसांत येशूचं दुःख आठवायचं असतं," ती म्हणाली. "मूर्त्या दिसू द्यायच्या नायत. डोळ्यांचा पण उपवास."

डोळ्यांचा उपवास. ते शब्द मी वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवले होते.

सिस्टर बेनिता आम्हाला आवारातली झाडं दाखवताना त्यांची लॅटिन नावं म्हणायला लावत. कडुनिंब म्हणजे अझाडिरॅक्टा, चिंच म्हणजे टॅमॅरिंडस. संध्याकाळी चॅपलमध्ये त्या आणि इतर सिस्टरा कधीकधी लॅटिनमधलं एखादं जुनं भजन गात. अर्थ मला कळायचा नाही. मला वाटायचं, या बायका झाडांची नावं गात आहेत. दिवसभर उन्हात उभी राहिलेली सगळी झाडं त्या एकेक करून आत बोलावतायत आणि झाडं मुकाट्यानं येऊन बाकांवर बसतायत.

एकदा मला वाचता वाचता तिथंच झोप लागली. जाग आली ती त्या गाण्यातच. काही क्षण मला मी कोण, कुठली, काहीच आठवेना. गालाखाली कुणीतरी घडी करून शाल ठेवलेली. समोर सहा-सात पांढऱ्या पाठी. एकीनंही वळून पाहिलं नाही. ठरल्याप्रमाणे मी उठले नाही आणि ठरल्याप्रमाणे त्या थांबल्या नाहीत.

घरी बाबांना मी सगळं सांगितलं होतं. त्यांनी जेवता जेवता विचारलं, "हात जोडतीस का तिथं?"

"नाही."

"जोडावं वाटलं तर समजून जोड. भिऊन जोडू नको. तेवढंच बघ."

मी पास झाले, शिक्षिका झाले, मुकुंदवाडीतच राहिले. मार्था नर्स झाली. नसीम, आमच्यातली तिसरी, शहागंजात राहणारी आणि तेव्हापासूनच वाद घालण्यात पटाईत, ती वकील झाली. आमचं भेटणं वर्षातून एखाद्या वेळी. कॉलेज आपल्या जागी होतं, त्यामुळं तिकडे जायची घाई कुणालाच नव्हती.

गेल्या वर्षी संक्रांत झाली आणि नसीमचा फोन आला. "शीला, सुनी क्या? सिस्टर लोगां चालल्यात. कॉलेज दुसऱ्या संस्थेकडे जातंय."

सिस्टरा तीनच उरल्या होत्या, तिघीही सत्तरीच्या पुढच्या. नव्या मुली त्या मार्गाला येत नाहीत. त्यांच्या मठानं कॉलेज एका शिक्षणसंस्थेला चालवायला द्यायचं ठरवलं होतं. ते कुणालाही समजण्यासारखं होतं. पण संस्थेनं केलेला आराखडा नसीमनं पाठवला, तो मी शाळेच्या व्हरांड्यात उभ्या उभ्या वाचला. कॉलेजला असलेलं संताचं नाव जाऊन संस्थेचं नाव. फाटकावरचा क्रूस काढायचा. सकाळची प्रार्थना बंद. आणि चॅपलच्या जागी 'बहुउद्देशीय सभागृह'.

आमच्या शहरात नावाचा विषय हळुवार हाताळावा लागतो. शहराचंच नाव बदललं. पाट्या बदलल्या, रिक्षावाले दोन्ही नावांना मान डोलावतात, आणि माणसं समोरच्याचा चेहरा बघून कुठलं नाव घ्यायचं ते ठरवतात. त्यामुळं पाटीचं मी मनाला लावून घेतलं नाही. सभागृह हा शब्द मात्र मी पुन्हा वाचला. तिथं माईक येणार, प्लास्टिकच्या खुर्च्या येणार, वक्तृत्व स्पर्धा होणार. लाल काचेतला दिवा कुठं जाणार, ते आराखड्यात नव्हतं.

आम्ही माजी विद्यार्थिनींचा एक ग्रुप केला. पंधरा दिवसांत दोनशेवर बायका जमल्या. कुणी पुण्यात, कुणी दुबईत, कुणी फर्दापूरला हॉटेल चालवणारी. त्यांतल्या ख्रिस्ती बोटांवर मोजण्याइतक्या. बाकी आम्ही सगळ्या आपापल्या देवांच्या, किंवा देव न मानणाऱ्या. पत्र लिहायचं काम माझ्याकडे आलं. मी रात्रंदिवस विचार करून लिहिलं, आणि नसीमच्या घरी आम्ही तिघी बसलो तेव्हा मोठ्यानं वाचलं. 'चॅपल हे आम्हा सर्वांसाठी शांततेचं, मूल्यांचं आणि रम्य आठवणींचं प्रतीक आहे...'

"अगे, इतना मीठा काय कू लिखी?" नसीम म्हणाली. "निवेदन आहे का लग्नाची पत्रिका?"

मार्था हसली नाही. तिनं कागद मागून घेतला, चष्मा लावून पुन्हा वाचला आणि खाली ठेवला.

"शीले, ह्यात येशूचं नाव कुठंय?"

मी म्हणाले, "अगं, सगळ्यांना पटेल असं लिहायला हवं ना."

"सगळ्यांना पटंल असं सभागृहच असतं," मार्था म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. "तुमाला शांत खोली पायजे. मला देवाचं घर पायजे. दोन्ही एक नाय, बाई. तिथं मी गुडघं टेकले. माझा बाप मेला तवा तिथंच त्याच्यासाठी मिस्सा झाली, मोठी प्रार्थना. ती तुमची आठवण आसंल, माझं ते प्रतीक-बितीक नाय. माझं ते खरंय."

रमजान आणि उपवासकाळ गेल्या वर्षी एकाच आठवड्यात सुरू झाले होते. नसीमचा रोजा होता, मार्थाचा उपवास. त्या दोघी उपाशी आणि चहा पिणारी मी एकटीच. कप हातात जड व्हायला लागला. मला आमच्या वस्तीतला विहार आठवला. उद्या कुणी म्हणालं, की बुद्धाचं नाव काढा, सगळ्यांना बसता यावं म्हणून नुसता ध्यानकक्ष म्हणा, तर? बाबा काठी टेकत रस्त्यावर आले असते. आणि मी त्यांच्या पुढं असते.

मी तो कागद फाडला. नवं पत्र तिघींनी मिळून लिहिलं. पहिली ओळ मार्थानं सांगितली, मी उतरवली: 'हे प्रभू येशूचं प्रार्थनाघर आहे आणि ते तसंच राहावं, अशी आमची मागणी आहे.' नसीमनं तिच्याखाली सगळ्यात आधी सही केली. "हौ, अब बराबर," ती म्हणाली.

सगळ्याच बायकांनी सही केली असं नाही. काहींनी ग्रुप सोडला. एकीनं मला लिहिलं, 'तू बौद्ध असून हे काय करतेस?' मी बरीच उत्तरं लिहिली आणि पुसली. शेवटी पाठवलं, 'बौद्ध आहे म्हणूनच.' तिला कळलं का, ठाऊक नाही. मलाही तेव्हा पुरतं कळलं नव्हतं.

आश्चर्य म्हणजे आमच्या बाजूनं सिस्टर बेनिताही नव्हत्या. आम्ही पत्र दाखवायला गेलो तेव्हा त्या चिंचेखाली खुर्ची टाकून बसल्या होत्या. केस पूर्ण पांढरे, हात कंप पावणारे, वाक्यं अजून इस्त्रीची.

"मुलींनो, राहू द्या. आम्ही दारिद्र्याचं व्रत घेतलेलं आहे. आमचं म्हणून काहीच नसतं. हे आवार नाही, हे चॅपलही नाही. देणाऱ्यानं दिलं, आता तो परत घेत असेल."

"व्रत तुमचं हाय, सिस्टर," मार्था म्हणाली. "आमचं नाय."

सिस्टरांनी तिच्याकडे पाहिलं. मग त्या हसायला लागल्या, अगदी डोळ्यांत पाणी येईपर्यंत. "हे मला सुचलं नव्हतं," त्या म्हणाल्या. "तीस वर्षांनी विद्यार्थिनीनं चूक काढली." त्यांनी पत्रावर सही केली नाही. पण आम्ही निघताना मार्थाच्या कपाळावर अंगठ्यानं क्रूस काढला, आणि माझ्या खांद्यावर नुसता हात ठेवला. कुणाला काय द्यायचं, हे त्यांना पहिल्यापासून बरोबर ठाऊक होतं.

संस्थेच्या अध्यक्षांनी आम्हाला भेटायला बोलावलं. सभ्य गृहस्थ, बोलणं मऊ. आम्ही भांडायच्या तयारीनं गेलो होतो, ते त्यांनी पाणी पुढं केलं तिथंच निम्मं विरलं.

"ताई, आमच्या मनात वाईट काही नाही," ते मला म्हणाले. "कॉलेज सगळ्या मुलींना आपलं वाटावं, एवढंच. तुम्ही तर स्वतः वेगळ्या धर्माच्या. तुम्हाला तिथं परकं वाटलं नाही?"

"वाटलं," मी म्हणाले. नसीमनं टेबलाखालून मला पाय मारला. पण आता थांबता येत नव्हतं. "सर, ते चॅपल मला कधीच माझं वाटलं नाही. मी तिथं पाहुणी होते. पण पाहुणं व्हायला कुणाचं तरी घर असावं लागतं. घरातल्या बाईनं मला या म्हटलं, बस म्हटलं, आणि आपली प्रार्थना माझ्यासाठी थांबवली नाही. तुम्ही ते घर कुणाचंच ठेवलं नाहीत, तर पुढच्या मुलीला या म्हणणार कोण?"

मग मार्था बोलली. "सर, तो लाल दिवा जळतो म्हणजे प्रभू घरात हाय, असं आम्ही मानतो. तुमचं सभागृह करायचं तर तो कुणीतरी विझवावा लागंल. कोण विझवणार, तेवढं नाव सांगा. राग नाय. मी त्याच्यासाठी पण प्रार्थना करीन."

अध्यक्ष खिडकीबाहेर बघत राहिले. "बघतो," म्हणाले. असे 'बघतो' आम्ही आयुष्यात खूप ऐकलेले.

पंधरा दिवसांनी उत्तर आलं. चॅपल चॅपलच राहील. फाटकावरचा क्रूस राहील. सकाळची प्रार्थना तास सुरू होण्याआधी, ज्यांना हवी त्यांच्यासाठी. चॅपलची देखभाल माजी विद्यार्थिनींनी करायची, किल्ली मार्थाकडे. नाव मात्र बदललंच. जुनं नाव पाटीच्या खालच्या कडेला, बारीक अक्षरात. मार्था त्या पाटीपुढं बराच वेळ उभी होती. पदरानं डोळे पुसत म्हणाली, "लई बारीक केलं गं."

सिस्टरा ईस्टरच्या आधीच्या, झावळ्यांच्या रविवारी गेल्या. दुसऱ्या दिवशी जयंती होती. आमच्या वस्तीत निळे झेंडे लागलेले, ढोल तालमीवर आलेले. तिकडून निघून मी स्टेशनवर पोचले, तर फलाटावर तिघी सिस्टरा तीन लहान बॅगा घेऊन उभ्या, हातात मिस्सेतून आणलेल्या खजुराच्या झावळ्या. गाडी सुटेपर्यंत सिस्टर बेनिता मला फलाटाच्या टोकाच्या झाडाचं लॅटिन नाव विचारत होत्या. मला ते आलं नाही. "कॅसिया," त्या खिडकीतून म्हणाल्या, "अभ्यास करत जा." गाडी हलली आणि बहाव्याचा तो पिवळाधमक फुलोरा तेवढा मागं उरला.

गुड फ्रायडेच्या आदल्या गुरुवारी, संध्याकाळी, सिस्टरांशिवायची पहिली मिस्सा झाली. छावणीतल्या चर्चचे तरुण फादर खास परवानगी काढून आले होते. त्या दिवशी येशूनं आपल्या शिष्यांचे पाय धुतले, म्हणून फादर बारा जणांचे पाय धुतात. मार्थानं पुढं बारा खुर्च्या मांडल्या होत्या. बसायला आल्या अकरा जणी. ती माझ्या बाकापाशी आली.

"शीले, चल."

"मी? वेडी झालीस का?"

"फादरला विचारलंय. ये म्हणाले."

"अगं, माझ्या टाचा बघ. भेगा पडल्यात नुसत्या."

"माझ्या काय लोण्याच्या हैत?" मार्था म्हणाली आणि हात धरून तिनं मला स्वतःच्या शेजारी बसवलं.

फादर एकेका खुर्चीपुढं गुडघ्यावर बसत होते. मार्थाचे पाय झाले. मग ते माझ्यापुढं आले. पितळी भांड्यातलं पाणी माझ्या पावलावर पडलं, कोमट, आणि बोटांमधून खाली परातीत गेलं. त्यांनी पंच्यानं पाय टिपले, टाचेच्या भेगा चुकवून, जपून. मी हात जोडले नाहीत, ते मांडीवर होते तसेच ठेवले. डोळे मात्र माझ्या ताब्यात राहिले नाहीत.

मला आजी आठवली होती, बाबांची आई. तिला मी पाहिलेलं नाही. बाबांनी आयुष्यात एकदाच सांगितलं होतं, की गावात मोलाचं काम आटपून ती एखाद्याच्या अंगणातून निघाली की तिच्या पावलांच्या ठशांवर घरचे लोक मागून पाणी शिंपडायचे, जागा शुद्ध व्हावी म्हणून. मार्थाची आजीही तसल्याच अंगणांतून चालली होती. आम्ही दोघी शेजारी शेजारी बसलो होतो, ओल्या पायांनी.

घरी आले तेव्हा बाबा जेवून खाटेवर बसले होते. ऐंशीच्या पुढं गेलेत, कानांना कमी येतं. मी त्यांच्या जवळ बसून सगळं सांगितलं.

"पाणी कुणी घातलं?" त्यांनी विचारलं.

"फादरनी. खाली बसून."

बाबा माझ्या पायांकडे बघत राहिले. मग हलकेच म्हणाले, "आई असायला पाहिजे होती."